भिंत निळी होईना

ऐका. मध्ये बोलायचे नाही.

गावाच्या टोकाला एक घर होते. घरात एक खोली. खोलीत एक माणूस. त्याचे नाव लिंबाजीमामा. दुसरे कोणी नव्हते.

नव्हते कसे? होते.

भिंतीवर एक पाल होती. करंगळीएवढी. तिचे नाव इवली.

इवली अंड्यातून बाहेर आली, तेव्हा शेजारी आई नव्हती. बाबा नव्हते. भाऊ नव्हता. बहीण नव्हती. भिंत होती.

भिंत निळी होती. फिकी निळी. सकाळच्या आभाळासारखी. इवलीही फिकी. फिक्या भिंतीवर फिकी पाल. कोणाला दिसत नसे.

रोज दिवे लागले की मामा जेवायला बसे. भाकरी मोडे. कट्! कांदा फोडे. फट्! वर भिंतीवर इवली बसे. दिव्यापाशी किडा येई. इवली खाई. गट्ट!

मामा खाली जेवे. इवली वर जेवे. दोघांचे जेवण एकदम होई. मामाला ठाऊक नव्हते. इवलीला ठाऊक होते. तेवढे तिला पुरे होते.

एक दिवस भिंतीचा पोपडा सुटला. टप्!

दुसरा सुटला. टप्!

टप् टप् टप्! सगळी निळाई खाली पडली. आतली काळी माती उघडी झाली. मामाने निळाई झाडून उकिरड्यावर टाकली.

दिवे लागले. मामा जेवायला बसला. इवली भिंतीवर आली. काळ्या भिंतीवर फिकी पाल. लख्ख दिसली.

"पाल! पाल! हाड!" मामा ओरडला. "अंगावर पडशील माझ्या! आत्ताच आंघोळ केलीय मी. तुझ्यासाठी पुन्हा करू?"

पाल अंगावर पडली की आंघोळ करायची. त्या गावाची तशी रीत होती.

मामाने केरसुणी उचलली. सप्! सप्!

इवली पळाली. दाराच्या फटीतून बाहेर. बाहेर एक दगड होता. गार होता. इवली त्यावर बसली.

आत भाकरी मोडली. कट्! इवलीला ऐकू आले. दिसले काही नाही.

इवली रडली नाही. पाली रडत नाहीत. पण तिला जेवण गेले नाही.

सकाळ झाली. मामा शेतात गेला. इवली भिंतीकडे गेली.

"भिंतबाई, भिंतबाई, निळी हो ना!
मला घरी बसवेना."

भिंत म्हणाली, "माझ्या हातात काय आहे, पोरी? मला तर हातच नाहीत. कुंचा फिरेना, मी निळी होईना. जा कुंच्याकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

कुंचा ओसरीत खुंटीला टांगलेला होता. डोके खाली, पाय वर.

"कुंच्या, कुंच्या, फिर ना!
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

कुंचा म्हणाला, "मी कोरडा आहे. कोरडा फिरलो तर उरलीसुरली भिंत खरवडून काढीन. चालेल? नाही ना? चुना भिजेना, मी फिरेना. जा चुन्याकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

चुना डब्यात होता. पांढरे दगड. दगडावर दगड.

"चुन्या, चुन्या, भीज ना!
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

चुना म्हणाला, "लांब उभी राहा. मी तापट आहे. पण आत्ता नुसता दगड आहे. पाणी पडेना, मी भिजेना. जा पाण्याकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

पाणी अंगणात होते. रांजणात. अंगणात कोंबडीही होती. कोंबडीने मान वाकडी केली. इवलीकडे बघितले. धावली. टोच!

इवली रांजणामागे. टोच! टोच! रांजणाला चोच लागली. कोंबडीचे तोंड दुखले. ती गेली.

इवली रांजणावर चढली. आत वाकून बोलली.

"पाण्या, पाण्या, पड ना!
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

रांजणातून आवाज आला. गुडूम गुडूम.

पाणी म्हणाले, "मी असंच पडलं तर भिंत पांढरी होईल. पांढरी पाहिजे का तुला?"

"नको. निळी पाहिजे."

"मग? नीळ विरेना, मी पडेना. जा निळीकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

नीळ कोनाड्यात होती. कागदाच्या पुडीत. मामाने दसऱ्यासाठी आणून ठेवली होती. दसरा जवळ आला होता. गावात घरोघर भिंती निळ्या झाल्या होत्या. मामाचीच राहिली होती.

"नीळबाई, नीळबाई, विर ना!
पाणी पडेना,
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

पुडी कुरकुरली. खुस खुस.

नीळ म्हणाली, "नाही विरत जा. गेल्या साली विरले मी. भिंतीला लागले. आणि काय झालं? पाणी, चुना, कुंचा, सगळे मला डिंकाशिवाय घेऊन गेले. घाईत विसरले. डिंक नसला की मला कोण धरणार? सुटले. पडले. आज उकिरड्यावर आहे."

"म्हणून पोपडा सुटला?"

"म्हणूनच. डिंक सुटेना, मी विरेना. जा डिंकाकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

डिंक लांब होता. रस्त्याच्या पलीकडे. बाभळीच्या झाडावर. रस्ता तापला होता. पाय पोळत होते. इवली थांबली. मागे बघितले. मागे कोणी नव्हते. पुढे बघितले. पुढेही कोणी नव्हते.

गेली.

बाभळीला काटे. काट्यांच्या मधून इवली वर चढली. खोडावर डिंक बसला होता. पिवळा. चकचकीत.

"डिंका, डिंका, सूट ना!
नीळ विरेना,
पाणी पडेना,
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

डिंक म्हणाला, "चिकटणं मला येतं. सुटणं येत नाही. मला हाताने खुडावं लागतं. ती बघ, त्या खोपीत कोंडाबाई बसलीय. गावच्या भिंती तीच रंगवते. कोंडाबाई उठेना, मी सुटेना. जा तिच्याकडे."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

कोंडाबाई खोपीच्या दारात बसली होती. हातात झोळीची दोरी. झोळीत तिची लेक, ठकू. कोंडाबाई दोरी ओढत होती. कुईं कुईं. ठकू रडत होती. अँ अँ!

"कोंडाबाई, कोंडाबाई, उठा ना!
डिंक सुटेना,
नीळ विरेना,
पाणी पडेना,
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

"अगं बाई! पाल!" कोंडाबाई ओरडली. "लांबून बोल. अंगावर पडलीस तर आंघोळ करावी लागेल. मला इथे चूळ भरायला सवड नाही."

इवली लांब झाली.

"कुणाची भिंत म्हणालीस?"

"लिंबाजीमामाची."

कोंडाबाईने जीभ चावली. "गेल्या साली मीच रंगवली ती. डिंक घालायला विसरले. पडली का?"

"सगळी पडली."

"मामा बोलला असेल मला."

"मामा कोणाशी बोलत नाही. घरात कोणी नाही."

कोंडाबाई दोरी ओढत राहिली. कुईं कुईं.

"येणार होते गं. चार दिवस म्हणतेय, आज जाते, आज जाते. पण ही बघ. हात थांबला की भोकाड. ठकू झोपेना, मी उठेना. तूच विचार तिला."

इवली निघाली. एकटी. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. दोरीवरून वर. दोरीवरून खाली. ती झोळीच्या काठावर बसली.

"ठकू, ठकू, झोप ना!
कोंडाबाई उठेना,
डिंक सुटेना,
नीळ विरेना,
पाणी पडेना,
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

ठकूला बोलता येत नव्हते. ठकू एवढीशी होती. तिने इवलीकडे बघितले. ती ओरडली नाही. हाड म्हणाली नाही. नुसती बघत राहिली.

तेवढ्यात गूं गूं गूं आवाज आला. ठकूच्या गालावर माशी बसली. ठकूने तोंड वाकडे केले. अँ अँ अँ!

इवलीला कळले. माशी हटेना, ठकू झोपेना.

इवली माशीला म्हणाली,

"माशीबाई, माशीबाई, हट ना!
ठकू झोपेना,
कोंडाबाई उठेना,
डिंक सुटेना,
नीळ विरेना,
पाणी पडेना,
चुना भिजेना,
कुंचा फिरेना,
भिंत निळी होईना,
मला घरी बसवेना."

माशीने पाय चोळले. पुढचे चोळले. मागचे चोळले.

"नाही हटत," माशी म्हणाली.

"मग कोणाकडे जाऊ?"

"कोणाकडे जायचं तिकडे जा. गालाला गूळ लागलाय. गोड आहे. मी कोणासाठी थांबलेली नाही. मला कोणाची गरज नाही."

इवली तिथेच बसली. आता जायला कोणी उरले नव्हते.

माशी म्हणाली, "अजून इथेच? आहेस कोण तू?"

"मी पाल."

"पाल? पाल काय करते?"

इवलीने विचार केला. पाल काय करते? भिंत निळी करत नाही. चुना भिजवत नाही. डिंक खुडत नाही.

पाल काय करते?

गट्ट!

माशी गेली.

दुसरी आली. गूं गूं. गट्ट! तिसरी आली. गूं. गट्ट!

मग कोणी आले नाही.

माशी हटली, ठकू झोपली. तोंड उघडे टाकून झोपली.

ठकू झोपली, कोंडाबाई उठली. हळूच उठली. पदर खोचला. ठकूला पाठीशी बांधले.

"भारी गं तू, पाली," ती म्हणाली. "चल. पण लांबून चल हां!"

कोंडाबाई उठली, डिंक सुटला. खुड खुड! चांगला मूठभर.

डिंक सुटला, नीळ विरली. मामाच्या घरी येऊन रांजणातले पाणी घमेल्यात घेतले. त्यात डिंक गेला. नीळ गेली. भुस्स! पाणी निळे निळे. कोंडाबाईचे हात निळे. नाकाला हात लागला. नाक निळे.

नीळ विरली, पाणी पडले. धबाक!

पाणी पडले, चुना भिजला. खद खद खद! चुना तापला. रागावला. वाफ सोडली. मग निवला. कोंडाबाईने काठीने ढवळला. फडक्यातून गाळला.

चुना भिजला, कुंचा फिरला. सर् सर् सर्! वरून खाली. खालून वर. सर् सर् सर्!

कुंचा फिरला, भिंत...

भिंत निळी झाली नाही.

ओली झाली. काळपट झाली. आधी होती तशीच मातीची. वर नुसती चिखलासारखी चमक.

इवलीने दाराच्या फटीतून बघितले. एकदा बघितले. पुन्हा बघितले. निळे काही नव्हते.

मामा शेतातून आला. दारात उभा राहिला.

"हे काय केलंस, कोंडाबाई?"

"रंग दिला, मामा."

"कुठाय रंग? तुझ्या नाकावर आहे तेवढा. भिंतीवर तर पाणी आहे."

"मामा, ओला चुना दिसत नाही."

"दिसत नाही म्हणजे?"

"म्हणजे दिसत नाही. वाळल्यावर दिसतो. घरात बायको असती तर तिनं सांगितलं असतं तुम्हाला."

"बायको नाही. आता तू सांगितलंस. झालं."

"मग दार उघडं ठेवा. वारा लागू द्या. हात लावू नका. आणि मामा, यंदा डिंक घातलाय."

"गेल्या साली घातला नव्हता?"

कोंडाबाईने कुंचा धुतला. ठकूला घेऊन गेली.

मामा ओसरीत बसला. एकटा. इवली दगडावर बसली. एकटी.

दोघे भिंत वाळायची वाट बघत होते. एकमेकांना ठाऊक नव्हते.

वारा आला. भुर भुर. उघड्या दारातून आत गेला.

भिंतीचा एक कोपरा वाळला. फिकट झाला.

शेजारचा वाळला. अजून फिकट.

मग मधला. मग वरचा. मग दारापाशीचा. माती हळूहळू मागे गेली. निळाई हळूहळू पुढे आली. जणू भिंतीच्या आत होती आणि बाहेर येत होती.

सगळी भिंत वाळली.

भिंत निळी झाली. फिकी निळी.

दिवे लागले. मामा आत गेला. दार लोटले. ताट घेऊन बसला.

इवली फटीतून आत आली. सुळुक. थांबली. सुळुक. थांबली. भिंतीवर चढली. पायाला भिंत गार लागली. गुळगुळीत लागली.

फिक्या भिंतीवर फिकी पाल. मामाने वर बघितले. इवली भिंतीला घट्ट चिकटली.

मामाला निळी भिंत दिसली. दुसरे काही दिसले नाही.

"झाली खरी निळी," मामा म्हणाला. मग इकडे बघितले. तिकडे बघितले. "चांगली झाली."

कोणी हो म्हणाले नाही. घरात कोणी नव्हते.

मामाने भाकरी मोडली.

तेव्हा वरून आवाज आला. चुक चुक चुक!

इवली आजवर मामासमोर बोलली नव्हती. आज बोलली. का, ते तिलाच ठाऊक.

घरात पाल बोलली की मोठी माणसे हातातले काम थांबवतात. बोटाने जमिनीवर टिचक्या मारतात. देवाचे नाव घेतात. जुनी रीत आहे. तुमच्याही घरात कोणीतरी करत असेल.

मामाने घास खाली ठेवला. बोटाने जमिनीवर वाजवले. टिक टिक टिक.

"कृष्ण, कृष्ण," मामा म्हणाला.

इवली हलली नाही. आजवर मामाने तिला काही उत्तर दिले नव्हते. हाड म्हणाला होता. ते उत्तर नव्हे.

ती पुन्हा बोलली. चुक चुक चुक!

टिक टिक टिक. "कृष्ण, कृष्ण."

चुक चुक!

टिक टिक.

चुक!

"गप गं आता," मामा भिंतीला म्हणाला. "जेवू दे."

इवली गप्प बसली. आता तिला गप बस म्हणणारे घरात कोणीतरी होते.

मामा खाली जेवला. इवली वर जेवली.

झाली गोष्ट. निजा आता. आणि ओल्या भिंतीला हात लावायचा नाही.